वाळत्या मातीचा फेरा : आटपाडीतल्या तीन ट्रेंच्या नोंदी

हवामानातलं फीडबॅक चक्र (परिणाम परत कारणावरच येतो आणि त्याला वाढवतो किंवा आवरतो, ते) दाखवायचं म्हटलं की बहुतेक जण बर्फ आणि आरसा घेऊन बसतात. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आटपाडीत बर्फ बघायला फ्रीज उघडावा लागतो. त्यामुळं इथं घडणारं चक्र निवडलं: माती वाळली की बाष्पीभवन घटतं, बाष्पीभवन घटलं की ऊन माती आणि हवा तापवण्यात जातं, तापलेली हवा उरलंसुरलं पाणी ओढते आणि माती आणखी वाळते. हे शाळेच्या खर्चात मोजता येतं का, हा प्रश्न. मोजता येतं, पण पहिला दीड महिना आम्ही चक्राचा अर्धाच भाग मोजत होतो.

4 मार्च

मांडणी ठरली. 50 × 50 सेंटिमीटरचे, 15 सेंटिमीटर खोल तीन ट्रे. एक रोज पाणी घालून ओला ठेवायचा, दुसरा एकदा भिजवून वाळू द्यायचा, तिसराही एकदाच भिजवायचा पण वर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला.

मुख्य मोजमाप वजनाचं. ट्रेचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, म्हणजे 1 मिलिमीटर पाणी उडालं की वजन 250 ग्रॅमनं घटतं. 100 किलोचा, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा प्लॅटफॉर्म काटा जुना मिळाला, 3,200 रुपये. ओलावा मोजायचे सेन्सर दिसायला आधुनिक, पण भरवसा काट्यावरच ठेवा. कारण 24 मार्चच्या नोंदीत आहे.

9 मार्च

विट्याहून ट्रे आले. 18 गेजचा जीआय पत्रा, एकाचे 650. बांधावरची काळी माती 5 मिलिमीटरच्या चाळणीतून काढून 13 सेंटिमीटरपर्यंत भरली. एका ट्रेला साधारण 37 किलो. त्यावर 11 किलो पाणी, झारीनं, दोन दिवसांत थोडंथोडं. एकदम ओतलं तर वर चिखल होतो आणि खाली कोरडं राहतं. पहिल्या ट्रेत तसंच झालं, माती उपसून पुन्हा भरावी लागली.

ट्रेला खाली भोक नाही, मुद्दाम. निचरा झाला तर घटलेलं वजन उडालेल्या पाण्याचं की गळलेल्या, हे कळत नाही.

चूक: भरलेला ट्रे 55 किलोच्या वर जातो. दोघांनी उचलला तेव्हा तळ वाकला आणि मातीला मधोमध चीर पडली. तळाला एक इंची अँगलच्या दोन पट्ट्या आणि चार कड्या वेल्ड करून घेतल्या, 300 रुपये जादा. आधीच सांगायला हवं होतं.

14 मार्च

ट्रे गच्चीवर ठेवले होते. पाच दिवसांचे आकडे टाकून दिले. स्लॅब दुपारी खालून माती भाजतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. पत्र्याच्या उघड्या बाजूही ऊन खातात. ओल्या ट्रेतून दिवसाला 9 मिलिमीटरच्या वर पाणी उडालेलं दिसलं तेव्हाच शंका आली. गच्चीवर हा प्रयोग करू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

20 मार्च

शेताच्या कडेला, झाडाची सावली सकाळी आठ ते संध्याकाळी पाच येणार नाही अशी जागा. तीन खड्डे, आतून 25 मिलिमीटर थर्माकोल. ट्रेची कड जमिनीच्या पातळीत यायला हवी. कड वर राहिली तर वारा अडतो, खाली गेली तर सावली पडते. कड्यांना सुतळी बांधली, उचलायला बरं.

वजन सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहालाच. दुपारी वाऱ्यात काटा शंभर-दीडशे ग्रॅम मागंपुढं नाचतो.

24 मार्च

सेन्सरवाल्या चुकांचा दिवस. ज्याला हे करायचंय त्यानं हीच नोंद नीट वाचावी.

मातीतल्या ओलाव्यासाठी कपॅसिटिव्ह सेन्सर घेतले, चार, प्रत्येकी 110. पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरतं आणि आकडा दिवसागणिक सरकतो. कडांना नेलपॉलिशचे तीन थर दिल्यावर ते थांबलं. पण काळी माती वाळताना आकसते, भेग पडते, आणि भेग नेमकी सेन्सरच्या कडेनं जाते. मग सेन्सर माती सोडून हवा मोजतो. मुरमाड जमिनीत कदाचित चालतील, काळ्या मातीत नाही. चारही काढले.

तापमानाला डीएस18बी20, प्रत्येकी 110. स्टीलची नळी उघडी ठेवली तर ती स्वतःच तापते: पृष्ठभागावर ठेवलेल्या नळीनं 64 दाखवलं, त्याच क्षणी इन्फ्रारेड थर्मामीटर गननं मातीवर 56. आता नळी 1 सेंटिमीटर मातीखाली आडवी, आणि पृष्ठभागासाठी फक्त गन. गन सरळ वरून, हातभर अंतरावरून धरायची. आपली सावली पडलेल्या जागी मारायची नाही. मध्येच 85 हा आकडा आला तर तो ऊन्हाचा नाही: सेन्सरला वीज मिळाली पण मोजणी झाली नाही, की तो 85 सांगतो. -127 आलं तर वायर सुटली. आमची केबल 10 मीटरची, 4.7 किलोओहमच्या जागी 2.2 चा रेझिस्टर लावल्यावर 85 येणं बंद झालं.

हवेच्या दमटपणाला आधी डीएचटी11 घेतले. दुपारभर आकडा 20 वरच. त्याची मोजायची हद्दच 20 टक्क्यांपासून सुरू होते, आणि इथली एप्रिलची दुपार त्याच्या आसपास किंवा खाली असते. तीनही बदलून डीएचटी22. 270 रुपये पाण्यात, म्हणजे खरं तर कोरड्या हवेत.

27 मार्च

हवेचा सेन्सर उन्हात नुसता टांगला तर 46 सांगत होता, सावलीत 38. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा बशा, मध्ये भोक पाडून, 10 मिलिमीटरच्या वॉशरनं अंतर ठेवून एकावर एक लावल्या आणि सेन्सर मधल्या पोकळीत बसवला. फरक एका अंशाच्या आत आला.

दोन दिवसांची नोंद गेली. अर्डुइनो (सेन्सरचे आकडे नोंदवणारा छोटा सर्किट बोर्ड) पॉवर बँकेवर होता. इतका कमी करंट ओढला की पॉवर बँक समजते काही जोडलेलंच नाही आणि बंद पडते. फाइलही उघडीच राहिली होती, म्हणून आधीचंही पुसलं गेलं. आता 12 व्होल्ट 7 एएचची जुनी यूपीएस बॅटरी, त्यावर व्होल्टेज 5 वर उतरवणारा बक कन्व्हर्टर, आणि प्रत्येक नोंदीनंतर फ्लश, म्हणजे आकडा लगेच कार्डावर लिहून टाकायचा.

2 ते 9 एप्रिल: पहिली खरी फेरी

तिन्ही ट्रे एकाच वजनावर आणून 1 तारखेच्या संध्याकाळी सोडले. ओल्यात रोज संध्याकाळी जेवढं उडालं तेवढंच पाणी परत. पाचटाच्या ट्रेत 250 ग्रॅम कोरडं पाचट, म्हणजे हेक्टरी 10 टनांचा हिशोब.

वाळत्या ट्रेतून उडालेलं पाणी, दिवसागणिक: 6.8, 5.2, 2.9, 1.9, 1.4, 1.1, 1.0, 0.9 मिलिमीटर. तिसऱ्या दिवशीची घसरण बघा. तोवर पृष्ठभागाला खालून पाणी पुरत होतं. एकदा वरचा बोटभर थर सुकला की वाफेला त्यातून वाट काढत यावं लागतं. पृष्ठभागाचं दुपारी दोनचं तापमान दुसऱ्या दिवशी 38, चौथ्या दिवशी 50, सहाव्या दिवशी 56. ओला ट्रे आठही दिवस 35 ते 37.

पाचटाचा आकडा आधी चुकीचा वाटला. गन मारली तर 58, उघड्या मातीपेक्षाही जास्त! पाचट हलकं, ऊब खाली जाऊ देत नाही, म्हणून वरचा थर लगेच तापतो. त्याखालची माती मात्र 38. पहिल्या दिवशी पाणी उडालं 2.6, आठव्या दिवशी अजून 1.9. म्हणजे पाचटानं हवा गार होत नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही. पाणी शिल्लक राहतं, आणि चक्र सुरू व्हायला उशीर होतो. पाचटानं रान गार राहतं म्हणतात ते मुळांच्या बाबतीत खरं. वरून जाणाऱ्या वाऱ्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

11 एप्रिल: हिशोब

एक किलो पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला साधारण 2.43 मेगाज्यूल लागतात. 6.8 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 6.8 किलो, म्हणजे 16.5 मेगाज्यूल. एप्रिलमधल्या निरभ्र दिवसाचं ऊन चौरस मीटरला 24 च्या आसपास धरा. ओल्या मातीवर त्यातलं दोन तृतीयांश वाफेत जातं. सहाव्या दिवशी वाफेत गेले फक्त 2.7. सुटलेले जवळजवळ 14 मेगाज्यूल कुठं गेले, हाच सगळा विषय आहे.

ते सगळे तापमान वाढवण्यात गेले असते तर माती कुठल्या कुठं पोचली असती. लगाम आहे: तापलेली वस्तू जास्त उष्णता बाहेर टाकते. 36 अंशांची जमीन चौरस मीटरला सुमारे 515 वॉट उत्सर्जित करते, 56 अंशांची 660 च्या वर. वीस अंशांत दीडशे वॉटांच्या आसपास वाढ. शिवाय वारा. पृथ्वी उकळून जात नाही ती याच पहिल्या लगामामुळं.

13 एप्रिल

एकानं विचारलं, ओली काळी माती जास्त काळी दिसते, म्हणजे ऊनही जास्त शोषत असणार, मग ती गार कशी? रास्त प्रश्न. मोबाईलच्या लक्स अ‍ॅपनं आकाशाकडे आणि मातीकडे आळीपाळीनं बघून गुणोत्तर काढलं: ओली माती 7 टक्के प्रकाश परतवते, वाळलेली 14. (मोबाईलला फक्त दिसणारा प्रकाश कळतो, अवरक्त नाही, त्यामुळं हा ढोबळ आकडा.) म्हणजे वाळताना माती उजळ होते आणि थोडं ऊन नाकारते. हेही एक चक्र, उलट्या दिशेचं. पण 24 च्या 7 टक्के म्हणजे 1.7 मेगाज्यूल, आणि समोर 14. ब्रेक आहे, पण सायकलचा, ट्रकला लावलेला.

15 एप्रिल: घोळ कळला

ओल्या आणि वाळत्या ट्रेवर 10 सेंटिमीटर उंचीवरची हवा मोजली. 39.4 आणि 39.6. सेन्सरच्याच चुकीत जाईल एवढा फरक.

आणि हे बरोबरच आहे. अर्ध्या मीटरच्या तुकड्यावरची हवा वारा पळभरात बदलून टाकतो. खरं चक्र मैलोगणती रान एकदम वाळतं तेव्हा बंद होतं, कारण तिथं वारा आणेल ती हवाही तापलेल्या रानावरूनच आलेली असते. आम्ही दीड महिना ‘माती वाळली की तापते’ एवढंच सिद्ध करत होतो. ती चक्राची एक बाजू. तापलेल्या हवेनं परत मातीला आणखी वाळवलं पाहिजे. ती परतीची वाट आमच्या मांडणीत नव्हतीच. प्रदर्शनांतले बहुतेक ‘फीडबॅक’ प्रयोग इथंच थांबतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

19 एप्रिल

हवा कोंडायची. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाची 60 सेंटिमीटर उंच चौकट, वर पॉलिहाउसचा 200 मायक्रॉन कागद. ओला आणि वाळता, दोन्हींवर.

पहिल्याच सकाळी ओल्या बाजूच्या कागदाला आतून घाम. थेंब परत मातीत. संध्याकाळी वजन बघतो तर घट 300 ग्रॅमसुद्धा नाही. कोंडलेल्या हवेत बाष्पानं आपलीच वाट बंद केली. हवा जराशी बदलत राहिली पाहिजे.

हेही ध्यानात ठेवा: कागदाखालची हवा तापते ती मुख्यतः वारा अडल्यानं. वातावरणातला हरितगृह परिणाम वेगळ्या कारणानं होतो, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प अवरक्त किरण शोषतात म्हणून. या चौकटीला ‘छोटी पृथ्वी’ म्हणू नका. तुलना चौकटीची चौकटीशीच.

24 एप्रिल

प्रत्येक चौकटीला 80 मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा, कमीत कमी वेगावर, समोरच्या बाजूला खाली तेवढंच भोक. घाम गेला. आधी दोन्हींत ओले ट्रे ठेवून दिवसभर चालवलं: हवेत 0.4 अंशांचा फरक, म्हणजे चौकटी सारख्या. ही पायरी गाळू नका. पहिल्यांदा 2 अंश फरक आला होता, तो एका पंख्याच्या उलट्या दिशेमुळं.

मग वाळता ट्रे परत. दुपारी दोनला ओल्या चौकटीत हवा 43 अंश, दमटपणा 55 टक्के. वाळत्या चौकटीत 51 अंश, 12 टक्के. बाहेर 39.

आता हवेची तहान मोजायची. वाळत्या मातीकडं द्यायलाच पाणी नाही, म्हणून तिच्या वजनावरून ती कळत नाही. दोन्हींत 10 सेंटिमीटर व्यासाची पाण्याची वाटी ठेवली, सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून. स्टीलची वाटी ऊन खाऊन तापली, आकडे फुकट. पांढरी प्लॅस्टिकची घेतली आणि वर बोटभर अंतरावर थर्माकोलचं छत. साळुंकी भोकातून आत शिरून एक वाटी पिऊन गेली, त्यानंतर भोकाला जाळी. सकाळी दहा ते दुपारी चार: ओल्या चौकटीत 12 ग्रॅम उडालं, वाळत्यात 34.

43 अंशांच्या हवेत 8.6 किलोपास्कल बाष्पदाब मावतो, 51 च्या हवेत 13. पहिलीत निम्म्याहून जास्त जागा भरलेली, दुसरीत आठवा भाग. रिकामी जागा काढा, गुणोत्तर तीनच्या जवळ येतं. वाट्यांचंही तेच.

29 एप्रिल ते 3 मे: चक्र बंद झालं

20 × 20 सेंटिमीटरचे केकचे दोन डबे, 6 सेंटिमीटर माती, दोन्ही सारखे भिजवलेले. एकेका चौकटीच्या कोपऱ्यात थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवले. दोन्हींवर ऊन सारखंच, फक्त शेजार वेगळा.

पहिला दिवस: ओल्या शेजाऱ्याकडं 4.6 मिलिमीटर उडालं, वाळत्याकडं 8.2. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळत्याकडचा डबा 54 अंशांवर, त्याचं बाष्पीभवन 2 च्या खाली. आता तो स्वतःच हवा तापवू लागला होता. ओल्या शेजाऱ्याकडचा डबा त्या दिवशी 39 वर होता आणि अजून 4.1 देत होता. तो पाचव्या दिवशी घसरला.

सगळ्या कामात हीच एक नोंद फळ्यावर लावायच्या लायकीची. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलेल्या रानाच्या मधोमध असलेला भिजवलेला तुकडा आणि कोरडवाहू रानाच्या मधोमध असलेला भिजवलेला तुकडा यांना पाणी वेगळं का लागतं, ते या दोन डब्यांत दिसतं.

10 मे: फळा

फळ्यावर आधी ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’साठी ‘धन पुनर्भरण’ लिहिलं होतं. बघायला आलेल्यांपैकी निम्म्यांना ते विहीर पुनर्भरण वाटलं. ‘धन’ म्हणजे चांगलं आणि ‘ऋण’ म्हणजे कर्ज, असाही अर्थ निघाला. दोन्ही शब्द पुसले. आता ‘वाढवणारं चक्र’ आणि ‘आवरणारं चक्र’.

दुसरी चूक जास्त गंभीर: वाढवणारं चक्र म्हणजे तापमान न थांबता वाढत जाणार, असं लिहिलं गेलं होतं. तसं नसतं. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीतल्या वाढीच्या 0.6 पट भर पडली तर बेरीज 1 + 0.6 + 0.36 + … अशी 2.5 वर थांबते. ही भर एक पट किंवा त्याहून जास्त झाली तरच बेरीज हातातून सुटते.

पृथ्वीचे आकडे त्याच फळ्यावर, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) 2021 च्या अहवालातले, दर अंश वाढीला चौरस मीटरमागे वॉटमध्ये: जास्त उत्सर्जनाची लगाम 3.22, उलट बाजूनं बाष्प (उंचीनुसार घटणाऱ्या तापमानाचा बदल धरून) 1.30, ढग 0.42, बर्फ आणि पृष्ठभागाचा उजळपणा 0.35. वाढवणाऱ्यांची बेरीज 2.07, लगामाच्या 0.64 पट. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर चक्रांशिवाय 1.2 अंश वाढ होईल; चक्रांसह हिशोब 3.4 वर जातो. अहवालाचा अंदाज 3 अंश, 2.5 ते 4 च्या दरम्यान, कारण त्यात प्रत्यक्ष निरीक्षणं आणि जुन्या हवामानाचे पुरावेही धरले आहेत. आमचं मातीचं चक्र या बेरजेत शोधू नका. त्याचा जोर त्या त्या प्रदेशावर, उन्हाळ्याच्या दिवसांत.

14 मे

वळीव. अर्ध्या तासात 22 मिलिमीटर. खड्डे भरले, थर्माकोल वर तरंगला, एक चौकट बांधापर्यंत उडाली. वाळता ट्रे ओल्यापेक्षा जड झाला, कारण भेगांतून पाणी सरळ तळाला गेलं. पाचटाच्या ट्रेत पाणी सावकाश मुरलं, वर चिखल नाही. अर्डुइनोचा डबा मेसवाकच्या पेस्टच्या टोपणाएवढ्या भोकातून ओला झाला. केबल आत घेताना एम-सील लावायचं राहिलं होतं. मेमरी कार्ड तेवढं बचावलं.

16 मे

उपयोगी पडलेल्या वस्तूंचा खर्च 10,600: काटा 3,200, ट्रे 1,950, आठ डीएस18बी20 880, तीन डीएचटी22 780, पाइप 900, कागद 600, गन 900, अर्डुइनो 450, कार्ड आणि मॉड्यूल 430, तीन पंखे 360, घड्याळाचं मॉड्यूल 150. वाया 710, दुरुस्ती 300. बॅटरी आणि बक कन्व्हर्टर अडगळीतले. वेळ दहा आठवडे. गच्ची टाळली आणि पहिल्या दिवसापासून चौकटी लावल्या तर चार पुरतात. फेरी एप्रिलअखेर संपवा, मेमध्ये वळिवाचा नेम नाही.

पाचटाचा ट्रे चौकटीखाली चालवायचा राहिला. त्यासाठी तिसरा पंखा लावून ठेवलाय.